आवक कुठूनही, रांग एकच: चार-पाच टूल्समध्ये विखुरलेला बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) कसा सांभाळायचा

मी एका टीममध्ये असताना दोन डेव्हलपर दोन दिवस एकाच बगवर काम करत होते. एकाने तो जिरा या कामं नोंदवायच्या टूलमधून उचलला होता, दुसऱ्याने कोड ठेवायच्या गिटहबवरून. जिरातलं तिकीट सपोर्टने टाकलं होतं, गिटहबवरचा इश्यू (म्हणजे तिथलं तिकीट) टेस्टरने. दोघांच्या पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) एकाच दुपारी रिव्ह्यूला आल्या तेव्हा कुठे उलगडा झाला. गंमत म्हणजे दोघांनीही रोज स्टँडअपमध्ये (टीमच्या छोट्या मीटिंगमध्ये) आपापलं काम सांगितलं होतं. एकजण नुसता तिकिटाचा नंबर सांगायचा, दुसरा ‘तो लॉगिनचा घोळ’ म्हणायचा. ऐकणाऱ्यांना ती दोन वेगळी कामं वाटली.

मग व्हायचं तेच झालं. मीटिंग झाली आणि ‘सगळं एकाच टूलमध्ये आणा’ असा हुकूम निघाला. सपोर्टने पंधरा दिवस इमानदारीने जिरात तिकिटं टाकली आणि नंतर ते गुपचूप आपल्या हेल्पडेस्ककडे परतले, कारण ग्राहकाला उत्तर तिथूनच द्यावं लागायचं. डिझायनर ट्रेलो (कार्डांचा बोर्ड) सोडेनात. मॅनेजरने ‘तात्पुरती’ म्हणून एक शीट उघडली. तीन महिन्यांनी चार टूल्सची पाच झाली होती. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तेव्हापासून मी टूल्स कमी करण्याच्या मागे लागत नाही. कामाचा तपशील चार ठिकाणी राहिला तरी चालतो. ‘पुढचं काम कोणतं’ याचा क्रम दोन ठिकाणी असला की मात्र कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहत नाही. खालची सगळी पद्धत या एकाच गोष्टीवर उभी आहे. पाच ते पंचवीस माणसांच्या टीमला ती पुरते. त्याहून मोठ्या पसाऱ्यात प्रत्येक टीमने आपापली रांग अशी लावायची आणि टीम-टीममधल्या अवलंबनाचा वेगळा विचार करायचा.

## पायरी १: काम जन्माला कुठे येतं ते मोजा

अर्धा दिवस काढा आणि एका कोऱ्या शीटमध्ये प्रत्येक जागेची एक ओळ लिहा. जागा म्हणजे फक्त टूल्स नव्हेत. चॅटमधला ‘जरा बघशील का’वाला चॅनेल, सेल्सच्या ईमेल्स, कोडमधल्या ‘टूडू’ कॉमेंट्स, मीटिंगच्या नोंदी हे सगळं आवकेत धरा. प्रत्येक जागेपुढे पाच गोष्टी लिहा: तिथे कोण लिहितं, कोण वाचतं, उघडी कामं किती, त्यातलं सर्वांत जुनं कधीचं, आणि तिथलं काम शेवटी करतं कोण. शेवटचा रकाना भरताना बहुतेक टीम्सचे चेहरे उतरतात. दोन-तीन जागा अशा निघतात की जिथे लिहिणारे भरपूर आणि वाचणारा कुणीच नाही.

मोजताना प्रत्येक टूल आपापल्या परीने फसवतं. ट्रेलोमध्ये ‘झालं’ या लिस्टमध्ये ढकललेलं कार्डसुद्धा अर्काइव्ह करेपर्यंत उघडंच धरलं जातं, त्यामुळे आकडा फुगतो. गिटहबच्या एपीआयमधून (प्रोग्रॅमने माहिती मागवायच्या सोयीतून) इश्यूजची यादी मागवली तर तिच्यात पुल रिक्वेस्टही येतात. त्या गाळल्या नाहीत तर कामं आहेत त्याहून जास्त दिसतात. जिरात स्टेटसच्या नावावर विसंबू नका. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कुणीतरी ‘रेडी फॉर यूएटी’, ‘पार्क्ड’ अशी स्टेटस बनवून ठेवलेली असतात. फिल्टर स्टेटसच्या कॅटेगरीवर लावा. त्या तीनच असतात आणि त्यातली ‘डन’ सोडून बाकी सगळं उघडं.

आता एक भागाकार करा. समजा एकूण २४० उघडी कामं निघाली आणि टीम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या टप्प्यात) सरासरी १२ कामं संपवते. २४० भागिले १२ म्हणजे २० स्प्रिंट, म्हणजेच ४० आठवडे, आणि तेही आजपासून एकही नवं काम आलं नाही तर. यामागे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम आहे: रांगेत सरासरी किती जण उभे आहेत, याला दर आठवड्याला किती जण बाहेर पडतात याने भागलं की सरासरी थांबण्याचा काळ मिळतो. नियम स्थिर रांगेचा आहे आणि बॅकलॉग कधीच स्थिर नसतो, त्यामुळे उत्तर अंदाज म्हणूनच घ्या. पण रांगेच्या तळाशी असलेलं तिकीट म्हणजे आपण कुणाला तरी दिलेला खोटा शब्द आहे, हे दाखवायला तेवढा अंदाज पुरतो. ही बेरीज आणि हा भागाकार टीमसमोर मोठ्या अक्षरांत लावा. पुढच्या पायऱ्यांना विरोध निम्म्याने कमी होतो, हा माझा अनुभव.

## पायरी २: रांग कुठे आणि रांगेचा मालक कोण

प्रत्येक टूलला तीनपैकी एकच भूमिका द्या. आवक: जिथे मागणी येते (हेल्पडेस्क, फॉर्म, चॅट). रांग: जिथे क्रम ठरतो. कामाची जागा: जिथे प्रत्यक्ष काम होतं, चर्चा होते, कोड जोडला जातो. आवक कितीही असू द्या. कामाच्या जागाही दोन-तीन चालतील. रांग एक.

रांगेसाठी टूल निवडताना ‘कशात जास्त सोयी आहेत’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘डेव्हलपर रोज सकाळी काय उघडतो’ हे पाहा. रिपोर्ट छान दिसतो म्हणून मॅनेजरच्या आवडीचं टूल निवडलं, तर डेव्हलपर तिथे आठवड्यातून एकदा, तेही स्टेटस अपडेट करायला सांगितलं म्हणून जातो. रांग शिळी होते आणि मग खरा क्रम चॅटमध्ये ठरायला लागतो. रिपोर्ट कुठूनही काढता येतो, सवय बदलता येत नाही. कोड गिटहबवर असेल आणि टीम लहान असेल तर गिटहब प्रोजेक्ट्स पुरेसं आहे. अनेक रिपॉझिटरीजमधले (कोडच्या साठ्यांमधले) इश्यू त्याच्या एका यादीत ओढून खाली-वर करता येतात. परवानग्या, मंजुऱ्या, ऑडिट यांची गरज असेल तर जिरा किंवा अझ्युर डेव्हऑप्स. आसानामध्ये एकच टास्क एकाच वेळी अनेक प्रोजेक्टमध्ये दाखवता येतो, त्यामुळे तिथे काम करणाऱ्या टीम्सना रांग म्हणून एक वेगळा प्रोजेक्ट उघडून त्यात तेच टास्क जोडता येतात, नक्कल न करता. अगदी साधी शीटही चालते. मी एक वर्षभर चालवली आहे.

मालक एकच माणूस. स्क्रम या कार्यपद्धतीची अधिकृत पुस्तिका असलेल्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतही प्रॉडक्ट ओनर (बॅकलॉगचा मालक) ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे, असं स्पष्ट म्हटलं आहे. तुम्ही स्क्रम करत असा वा नसा, हे घेण्यासारखं आहे. मालकाने सगळ्यांचं ऐकावं, पण रांगेत खाली-वर करण्याचा हात त्याचाच. टूलमध्ये परवानगीच तशी लावता आली तर उत्तम, नाहीतर शब्द पाळायचा. मालक रजेवर असेल तेव्हा कोण, त्याचंही नाव आजच लिहून ठेवा.

प्रायोरिटीच्या फील्डबद्दल दोन शब्द. स्क्रम गाइडने २०११ मध्ये बॅकलॉगसाठी ‘प्राधान्य दिलेला’ हा शब्द काढून ‘क्रम लावलेला’ असा शब्द घेतला. वाचायला किरकोळ बदल वाटतो, वापरताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ‘हाय’ प्रायोरिटी ऐंशी तिकिटांना देता येते आणि कुणाचंच मन दुखत नाही. पहिला नंबर एकालाच मिळतो, त्यामुळे भांडण आजच होतं. ते व्हायलाच हवं.

## पायरी ३: रांगेतली एक ओळ

रांगेत तपशील कॉपी करू नका, लिंक ठेवा. वर्णन, स्क्रीनशॉट, लॉग, चर्चा हे सगळं मूळ जागीच राहू द्या. कॉपी केलेलं वर्णन दुसऱ्या दिवशीच जुनं होतं, आणि मग डेव्हलपर नेमकं जुनंच वाचतो.

ओळीत सहा गोष्टी पुरेत: शीर्षक, मूळ तिकिटाची लिंक, कुणी मागितलं, रांगेत कधी आलं, ढोबळ आकार (लहान, मध्यम, मोठं), आणि कशावर अडलं आहे का. याहून एकही फील्ड अनिवार्य करायचं असेल तर आधी स्वतःला विचारा की गेल्या महिन्यात त्या माहितीमुळे एखादा निर्णय बदलला का.

शीर्षकावर मात्र मेहनत घ्या. ‘लॉगिन इश्यू’ हे शीर्षक नव्हे, हा उसासा आहे. ‘पासवर्ड बदलल्यावरही दुसऱ्या फोनवरचं सेशन चालूच राहतं’ असं लिहिलं की लिंक न उघडताही काम कळतं आणि, महत्त्वाचं म्हणजे, डुप्लिकेट डोळ्यांना दिसतं. सुरुवातीला सांगितलेले ते दोन डेव्हलपर अशा एका वाक्याने वाचले असते.

## पायरी ४: स्टेटसची भाषांतर-सारणी

प्रत्येक टूलची स्टेटसची भाषा वेगळी. ती एकसारखी करायचा हट्ट नको. चार शब्दांत भाषांतर ठरवा आणि ती सारणी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

| आपला शब्द | जिरा | गिटहब इश्यूज | अझ्युर डेव्हऑप्स | लिनियर |
|---|---|---|---|---|
| रांगेत | टू डू | ओपन | प्रपोज्ड | बॅकलॉग, अनस्टार्टेड |
| चालू | इन प्रोग्रेस | ओपन, असाइनी असलेला | इन प्रोग्रेस, रिझॉल्व्ह्ड | स्टार्टेड |
| झालं | डन | क्लोज्ड: कम्प्लीटेड | कम्प्लीटेड | कम्प्लीटेड |
| करणार नाही | डन, पण रिझोल्यूशन ‘वोन्ट डू’ | क्लोज्ड: नॉट प्लॅन्ड | रिमूव्ह्ड | कॅन्सल्ड |

या सगळ्या टूल्सच्या मूळ कॅटेगरी आहेत. तुमच्या बोर्डवरची रंगीबेरंगी नावं त्यांच्या पोटात जातात. गिटहबला मुळात उघडं आणि बंद एवढंच कळतं, म्हणून ‘चालू’ ओळखायला असाइनीचा (काम ज्याच्या नावावर आहे त्याचा) संकेत वापरला आहे. तो पाळायचा तर काम सुरू करतानाच स्वतःला असाइन करायचं, आठवडाभर आधी नाही. ट्रेलोला सारणीत जागा दिली नाही, कारण तिथे लिस्टचं नाव हेच स्टेटस आणि ते तुम्हीच ठेवता. हेच चार शब्द लिस्टना द्या, काम संपलं.

चौथी ओळ गाळू नका. ‘झालं’ आणि ‘करणार नाही’ एकाच ‘क्लोज्ड’मध्ये गेलं की सपोर्ट ग्राहकाला ‘दुरुस्त झालं’ म्हणून कळवतं, आणि मग तोंड आपल्याला द्यावं लागतं.

अझ्युरमधल्या ‘रिझॉल्व्ह्ड’वर वाद होतो. कोड लिहून झाला, टेस्ट व्हायची आहे, असा तिथे अर्थ असतो. मी ते ‘चालू’मध्येच धरतो. वापरणाऱ्याच्या हातात पडलेलं नाही ते झालेलं नाही.

## पायरी ५: सफाई, हलवाहलवीच्या आधी

जुन्या घरातली अडगळ नव्या घरात नेऊन मग टाकायची नसते. तरी सर्वांत जास्त टीम्स हेच करतात: आधी सगळं एका यादीत ओतायचं, मग ‘सवडीने’ निवडायचं. ती सवड येत नाही.

सहा महिन्यांत ज्याला कुणा माणसाने हात लावलेला नाही अशी तिकिटं शोधा. ‘माणसाने’ हा शब्द मुद्दाम वापरला. ‘अपडेटेड’ तारखेवर फिल्टर लावला की यादी संशयास्पद रीतीने छोटी येते, कारण मधल्या काळात कुणीतरी सगळ्या तिकिटांना लेबल लावलेलं असतं किंवा एखाद्या बॉटने कॉमेंट टाकलेली असते. म्हणून तयार केल्याची तारीख आणि शेवटची मानवी कॉमेंट, या दोन्ही बघा.

सापडलेल्या तिकिटांना एक लेबल लावा, त्यावर कॉमेंट टाका आणि दोन आठवडे थांबा. मी वापरतो ती कॉमेंट अशी:

> ‘हे तिकीट सहा महिन्यांहून अधिक काळ पडून आहे आणि पुढच्या तीन महिन्यांत आम्ही ते करू असं दिसत नाही. दोन आठवड्यांत कुणी हरकत घेतली नाही तर ते ‘करणार नाही’ म्हणून बंद करू. अजूनही त्रास होत असेल तर तो कुणाला आणि किती वेळा होतो, एवढं एका ओळीत इथे लिहा.’

हरकती फार थोड्या येतात. ज्या येतात त्या मात्र सोन्यासारख्या, कारण त्यासोबत ताजी माहिती येते. वर्षभर भिजत पडलेल्या घोंगड्यांपैकी दोन-चार खरोखर कुणाला तरी हवी असतात आणि ती अशी वर येतात.

‘पण माहिती नाहीशी होईल’ हा आक्षेप हमखास येतो. बंद केलेलं तिकीट पुसलं जात नाही. शोधलं की सापडतं आणि पुन्हा उघडता येतं. सुरक्षेतल्या त्रुटी, डेटा नष्ट करणारे बग आणि कायद्याने किंवा कराराने बांधलेली कामं मात्र वयावरून बंद करू नयेत. त्यांची यादी आधी वेगळी काढा आणि एकेक माणसाने वाचा.

इथे माझी एक फजिती. एका शुक्रवारी संध्याकाळी मी काही शे तिकिटं एका फटक्यात बंद केली आणि जिराच्या बल्क चेंजमधली ‘मेल पाठवा’ ही खूण काढायला विसरलो. सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये ढीग, त्यात दोन वरिष्ठ, आणि प्रत्येकाला आपलंच तिकीट सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं. आता मी आधी सगळ्यांना सांगतो, मेलची खूण काढतो, आणि शुक्रवारी असलं काही करत नाही.

डुप्लिकेट सापडली तर कोणतं ठेवायचं? सवयीने जुनं ठेवलं जातं. मी ज्यात बग पुन्हा घडवून दाखवण्याच्या पायऱ्या नीट लिहिल्या आहेत ते ठेवतो, मग ते कालचं का असेना. बाकीची बंद करताना प्रत्येकावर ठेवलेल्या तिकिटाची लिंक टाका आणि तक्रार करणाऱ्यांची संख्या ठेवलेल्या तिकिटावर जमा करा. ‘हे सात जणांनी सांगितलं’ हे क्रम लावताना उपयोगी पडतं.

## पायरी ६: क्रम लावणं

सगळ्या रांगेला क्रम लावू नका. वरची दहा कामं काटेकोर, एकाखाली एक. पुढची वीसेक ढोबळ गटात. त्याखाली नुसती पिशवी. तिच्यात हात घालायची वेळ येईल तेव्हा बघू. पंचविसावं आधी की सव्विसावं, यावर घालवलेली दहा मिनिटं वाया जातात, कारण तिथपर्यंत पोहोचेतो जग बदललेलं असतं.

वरच्या दहासाठी दोन-दोन कामं शेजारी ठेवून विचारा: ‘यातलं एकच या महिन्यात होणार असेल तर कोणतं?’ बहुतेक वेळा उत्तर चटकन येतं. अडलं तर उत्पादन-विकासावर लिहिणारे डोनाल्ड रायनर्टसन यांनी मांडलेला हिशेब करा: उशिराची किंमत भागिले लागणारा वेळ.

एक उदाहरण घेऊ. ‘अ’ कामाला उशीर झाला की दर आठवड्याला ८ गुणांचं नुकसान होतं आणि ते करायला ४ आठवडे लागतात. ‘ब’चं नुकसान आठवड्याला फक्त ३ गुण, पण ते एका आठवड्यात होतं. मन म्हणतं ‘अ’ आधी, कारण ते जास्त दुखतं. आता मोजा. ‘अ’ आधी केलं तर त्याचं नुकसान ४ गुणिले ८, म्हणजे ३२, ‘ब’ पाचव्या आठवड्याअखेर संपतं, ५ गुणिले ३ म्हणजे १५, एकूण ४७. ‘ब’ आधी केलं तर ३ आणि ‘अ’चे ५ गुणिले ८ म्हणजे ४०, एकूण ४३. लहान काम आधी उरकणं स्वस्त पडलं. भागाकारही तेच सांगतो: ‘अ’चा २, ‘ब’चा ३.

गुण कुठून आणायचे? अंदाजानेच. म्हणून हा हिशेब फक्त अडल्यावर करायचा. प्रत्येक तिकिटासाठी असले आकडे भरायला लावणाऱ्या टीम्समध्ये लोक आधी क्रम ठरवतात आणि मग तो यावा असे आकडे लिहितात. मीही लिहिले आहेत.

एक तांत्रिक टीप. शीटमध्ये रांग ठेवत असाल तर क्रमांक १, २, ३ असे न देता १०, २०, ३० असे द्या. मध्ये घुसवायला जागा राहते. आणि जे काम दुसऱ्या टीमवर अडलं आहे ते पहिल्या पाचात ठेवू नका. ते तिथे असलं की प्रत्येक डेव्हलपर ते ओलांडून खालचं उचलतो, आणि एकदा ओलांडायची सवय लागली की रांग उरत नाही. त्याऐवजी ‘अडथळा सोडवणे’ हेच काम मालकाच्या नावाने वर ठेवा.

## पायरी ७: टूल्स एकमेकांना जोडणं

पहिले दोन स्प्रिंट सगळं हाताने करा. हेल्पडेस्कमधलं तिकीट वाचायचं, रांगेत ओळ टाकायची, लिंक द्यायची. कंटाळवाणं आहे, पण कोणती माहिती खरोखर इकडून तिकडे जायला हवी हे त्यातूनच कळतं. आधी ऑटोमेशन आणि मग पद्धत, हे आधी कळस मग पायासारखं होतं.

त्यानंतर एका दिशेचे जोड लावा. हे स्वस्त असतात आणि क्वचितच दगा देतात. गिटहबमध्ये पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ‘फिक्सेस’ किंवा ‘क्लोजेस’ हा शब्द आणि इश्यूचा नंबर (अर्थात इंग्रजी लिपीत) लिहिला की ती मुख्य शाखेत (कोडच्या मुख्य प्रतीत) मर्ज होताच, म्हणजे मिसळली जाताच, इश्यू आपोआप बंद होतो. मुख्य म्हणजे डिफॉल्ट ठरवलेली शाखा. दुसऱ्या शाखेत मर्ज केलं तर काही घडत नाही आणि लोक टूलला शिव्या देतात. जिराचं गिटहबशी इंटिग्रेशन लावलं असेल तर शाखेच्या नावात किंवा कमिटमध्ये (कोडबदलाच्या नोंदीत) तिकिटाची की लिहिली की तो कोड तिकिटावर दिसतो. अझ्युर बोर्ड्सला गिटहबशी जोडलं असेल तर ए-बी ही दोन अक्षरं, पुढे # आणि नंबर, असं लिहून हेच साधतं. एवढ्या तीन सवयींनी ‘स्टेटस अपडेट करा’ची निम्मी भुणभुण थांबते.

दोन दिशांचं सिंक (दोन्हीकडचे बदल आपोआप एकमेकांकडे जाणं) शक्यतो टाळा. टाळता येत नसेल, उदाहरणार्थ ग्राहकाची टीम त्यांच्या जिरात आणि तुम्ही तुमच्या गिटहबमध्ये, तर काही गोष्टी आधी ठरवून घ्या.

प्रत्येक फील्डचा मालक एकच बाजू असू द्या. वर्णन त्यांचं, स्टेटस आपलं, असं. दोन्ही बाजूंना एकच फील्ड बदलता आलं की शेवटी लिहिणारा जिंकतो आणि आधीच्याचा बदल आवाज न करता नाहीसा होतो.

सिंकसाठी वेगळं बॉट खातं वापरा आणि त्या खात्याने केलेला बदल सिंकने दुर्लक्षित करायचा असं सेटिंग ठेवा. हे केलं नाही तर इकडची कॉमेंट तिकडे जाते, तिकडे ती नवी समजून परत इकडे येते, आणि हा खेळ कुणीतरी प्लग काढेपर्यंत चालतो. एका टीममध्ये ‘ओके, बघतो’ ही कॉमेंट रात्रभर अशी हिंदकळत होती.

प्रत्येक तिकिटावर समोरच्या टूलमधला आयडी एका फील्डमध्ये ठेवा आणि नवं बनवण्याआधी तो शोधा. वेबहुक (बदल झाला की एका टूलने दुसऱ्याला आपोआप पाठवलेला निरोप) दोनदा येऊ शकतो, उलट्या क्रमाने येऊ शकतो, किंवा येतच नाही. गिटहब फसलेला वेबहुक स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. त्यामुळे फक्त वेबहुकवर भिस्त ठेवू नका. रोज रात्री एकदा दोन्ही याद्या ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट चालवा. ती लिहिताना मर्यादा लक्षात ठेवा: गिटहबच्या रेस्ट एपीआयवर साध्या वैयक्तिक टोकनने तासाला ५,००० विनंत्या मिळतात. प्रत्येक तिकिटासाठी स्वतंत्र विनंती करण्यापेक्षा ‘कालपासून बदललेली’ एवढीच मागवा.

मजकुराचं रूपही बिघडतं. गिटहब मार्कडाउन वापरतं, जिराची मांडणीची पद्धत वेगळी. कोडचे तुकडे आणि सारण्या सर्वांत आधी मोडतात. स्क्रीनशॉटची नुसती लिंक गेली तर समोरच्याला लॉगिनचं पान दिसतं.

## टूल बदलणारच असाल तर

वीस तिकिटांची चाचणी करा, आणि ती वीस मुद्दाम वाईट निवडा: शंभर कॉमेंट्सचं एक, सोडून गेलेल्या माणसाच्या नावावरचं एक, उपकामं असलेलं एक, मराठी मजकूर असलेलं एक. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून परत सेव्ह केली की देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं येतात, हा अनुभव अनेकांना असेल. फाइल यूटीएफ-८ मध्येच राहते आहे ना ते पाहा आणि शक्यतो मध्ये एक्सेल आणूच नका. तारखांचा आराखडा आयातीच्या वेळी स्पष्ट सांगा, नाहीतर ३ एप्रिलची ४ मार्च होते. जुना नंबर एका फील्डमध्ये जपा, कारण कमिट्समध्ये आणि लोकांच्या डोक्यात तोच असतो. जुनं टूल काही महिने फक्त वाचण्यासाठी चालू ठेवा.

टूल बदलणार नसाल तरी महिन्यातून एकदा एक्सपोर्ट घ्या. पिव्होटल ट्रॅकर वर्षानुवर्षं अनेक टीम्सचा आधार होतं. ते ३० एप्रिल २०२५ रोजी बंद झालं. त्याआधी गूगल कोडही, त्यावरच्या इश्यू ट्रॅकरसकट, जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं होतं. ट्रेलोचा जेसन एक्सपोर्ट घेतला तर त्यात जोडलेल्या फाइल्स येत नाहीत, त्यांच्या फक्त लिंक येतात, हे ध्यानात असू द्या.

## पायरी ८: दर आठवड्याचा राबता

आवक तपासायला आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं, एकच माणूस, दर आठवड्याला वेगळा. प्रत्येक नव्या मागणीला त्याने तीनपैकी एक उत्तर द्यायचं: रांगेत घेतलं, करणार नाही, किंवा ही माहिती द्या. ‘बघू’ हे उत्तर नाही. माहिती मागितलेली तिकिटं चौदा दिवसांत उत्तर न आल्यास बंद.

आठवड्यातून एकदा पाऊण तास मालक आणि दोन-तीन डेव्हलपर रांगेचं वरचं टोक पाहतात. सगळी टीम बसवू नका. स्क्रम गाइडच्या जुन्या आवृत्त्यांत या कामासाठी टीमच्या वेळेच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादा सुचवलेली होती. २०२० च्या आवृत्तीत ती नाही. माझ्या मते त्याच्या निम्म्यात भागत नसेल तर रांग फार लांब झाली आहे.

म्हणून रांगेला लांबीची मर्यादा घाला. चार स्प्रिंटमध्ये होईल एवढीच. पायरी १ मधल्या टीमसाठी ४८ ओळी. एकोणपन्नासावं काम आलं की एक बाहेर काढायचं. हा नियम पहिले दोन महिने फार टोचतो.

नंतर राहतो तो मागचा दरवाजा. कुणीतरी वरिष्ठ थेट डेव्हलपरला चॅटवर लिहितो, ‘अर्जंट आहे, आजच हवं.’ डेव्हलपरने नाही म्हणावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याने फक्त रांगेच्या मालकाचं नाव पुढे करायचं, आणि मालकाने रांगेची लिंक पाठवून एकच विचारायचं: ‘यातल्या कशाच्या वर ठेवू?’ कधी उत्तर येतं ‘पहिल्याच्या’, आणि ते खरोखर अर्जंट असतं. मग पहिलं काम करणाऱ्याला मालकाने स्वतः जाऊन सांगायचं की तुझं थांबव, आणि ज्याने ते मागितलं होतं त्यालाही त्याच दिवशी कळवायचं. पुष्कळदा मात्र समोरचा यादी वाचतो, थोडा वेळ काहीच टाइप करत नाही, आणि मग लिहितो, ‘सहावं चालेल.’